नाव कुणाचं, खुरपं कुणाचं

मागच्या अंकात म्हटलं होतं की सेंद्रिय शेती करणाऱ्या बायकांनी यावेळी प्रश्न पाठवा, आणि खरं सांगते, मला वाटलेलं दशपर्णी अर्काचं प्रमाण नाहीतर गोगलगायीचा उपाय विचारतील. तसले दोन-चारच आले. बाकी सगळ्यांचा सूर एकच, की काम आम्ही करतो आणि नाव दुसऱ्याचं लागतं. एका ताईंनी तर गोठ्यातूनच सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय, मधेमधे म्हैस ओरडतेय आणि त्या म्हणतायत "थांब गं बाई, ताईंशी बोलतेय". पाच प्रश्न निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाही, गावात लगेच ओळख पटते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कळंब तालुक्यातली. आमच्या पाच एकरांतलं एक एकर तीन वर्षांपासून मी सेंद्रिय करते, भाजीपाला, मूग, उडीद, थोडी ज्वारी. बी, खत, फवारणी, काढणी सगळं माझं. आता गटातून पीजीएस, म्हणजे सेंद्रिय शेतीचं, सर्टिफिकेट काढायचं ठरलं तर फॉर्मवर मिस्टरांचं नाव टाकलं कारण सातबारा त्यांच्या नावे. ट्रेनिंगलाही तेच जातात, जेवण करून येतात आणि मला सांगतात काय सांगितलं ते, तेही अर्धंच. माझं नाव लागू शकतं का?

उत्तर : लागू शकतं ताई, आणि लावाच.

आधी सातबाऱ्याचं बघू. १९९२ पासून आपल्या राज्यात लक्ष्मीमुक्ती म्हणून योजना आहे, नवरा हयात असताना त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. याच्या मागची गोष्ट तुमच्या मिस्टरांना नक्की सांगा. १९८६ ला शेतकरी संघटनेनं चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि त्यानंतर काही वर्षांनी शरद जोशींनी गावोगाव हाक दिली की लक्ष्मीचं देणं फेडा, थोडी जमीन बायकोच्या नावे करा, आणि पुरुषांनी ती केली, धोतर-टोपीवाल्या पुरुषांनी, शहरातल्या नाही. तर अर्ज नवऱ्यानं तलाठ्याकडे द्यायचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडात तलाठीच बसलंय), खरेदीखत नाही, मुद्रांक शुल्क नाही. तलाठी फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, १५ दिवसांत कुणाची हरकत नाही आली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. एकच अडचण, जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर मिस्टरांच्या अर्जाचा उपयोग नाही, आधी मिस्टरांच्या नावाचा हिस्सा निघायला हवा.

मिस्टर लगेच म्हणतील की घर तर एकच आहे, नावानं काय फरक पडतो. त्यांना म्हणा फरक पडत नाही ना, मग लावा. भांडू नका, चहा देताना म्हणा.

तोवर सर्टिफिकेटसाठी थांबू नका. आमच्या गटात तीन जणींचं असंच होतं, आम्ही नवऱ्याचं साध्या कागदावर संमतीपत्र घेतलं की अमुक गट नंबरमधलं एक एकर माझी पत्नी कसते, चतुःसीमा लिहिल्या, दोन साक्षीदार घेतले आणि कसणारी म्हणून तिचं नाव पुढे केलं. तुमच्या गटप्रमुखांशी असंच बोलून बघा. पीजीएसमध्ये बाहेरचा साहेब तपासायला येत नाही, किमान ५ शेतकऱ्यांचा गट असतो आणि आपणच एकमेकांची शेतं तपासतो, आणि इथंच नावाचा घोळ उघडा पडतो. आमच्याकडे एका शेतावर कागदावरचा शेतकरी म्हणून नवरा उभा केला होता. आम्ही विचारलं, शेजारच्या कापसावरचा फवारा उडून येऊ नये म्हणून कडेला काय लावलंय? गडी खिशातून फोन काढून बायकोला विचारतोय. ती पलीकडच्या वाफ्यातून ओरडली, "शेवरी लावलीय, तुमच्या पाठीमागंच हाय!" त्या दिवसापासून त्या शेताच्या कागदावर तिचं नाव.

तुमच्या धाराशिव-लातूर पट्ट्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं हेच एक एकराचं काम हजारो बायकांबरोबर केलंय, घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं, त्यात आधी खायचं पिकवायचं, खत-औषध घरचं. २०१७ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर प्राइज मिळालं. दुष्काळात जिथं सोयाबीन गेलं तिथं या एकरातून घरात भाजी आणि डाळ येत राहिली, तेव्हा कुठं घरातल्या पुरुषांनी हिशोब विचारायला सुरुवात केली. तुम्ही एकट्या नाही एवढंच.

आणि हो, सातबाऱ्यावर नाव आलं की शेतकरी ओळख क्रमांक लगेच काढा, योजना आता त्यावरच चालतात. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची नोंद, पण स्वतःच्या मोबाईलवरून करा, पिकापाशी उभं राहून फोटो काढायचा असतो, आणि तिथं तसंही तुम्हीच उभ्या असता.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातला शेतकरी, वय ३८. तुमचं सदर बायको वाचते, यावेळी मी लिहितोय. दोन वर्षांपूर्वी पाचही एकर विषमुक्त केलं. खत-औषधाचा खर्च जवळजवळ बंद झाला, सगळे कौतुक करतात, माझं भाषण पण झालं एका मेळाव्यात. पण बायको म्हणते पुढच्या वर्षी जमणार नाही, परत तणनाशक आणा. आईपण तिच्या बाजूनं. त्यांना महत्त्व कसं पटवावं?

उत्तर : दादा, पत्र लिहिलंत याचं आधी कौतुक, कारण पुरुषांची पत्रं मला वर्षाला तीन येतात त्यातली दोन ठिबकवर असतात. पण राग मानू नका, महत्त्व त्यांना पटवायचं नाहीये.

तणनाशक बंद केलंत, छान. मग ते तण काढलं कोणी?

माझा स्वतःचा हिशोब सांगते. आम्ही पहिल्या वर्षी एक एकर सोयाबीन बिनतणनाशकाचं केलं तेव्हा दोन खुरपण्या लागल्या, दोन्ही मिळून ३२ हजेऱ्या. आमच्याकडे बाईची हजेरी तेव्हा ३०० रुपये (गड्याची ५००, आणि का असं विचारलं तर उत्तर येतं की पहिल्यापासून तसंच आहे). म्हणजे ९६०० रुपये. त्यातल्या १६ हजेऱ्या मी, जाऊबाई आणि सासूबाई अशा आम्ही घरच्यांनीच भरून काढल्या आणि वहीत काय लिहिलं गेलं? मजुरी ४८००. उरलेले ४८०० कुठं गेले तर ते म्हणे "वाचले". ते वाचले नाहीत हो, ते आमच्या कमरेतून आले. माझी जाऊ त्या पावसाळ्यात रात्री गुडघ्याला तेल लावून झोपायची आणि दिवाळीला आमचे बंधुराज पाहुण्यांना सांगतायत की सेंद्रियमध्ये खर्चच नाही.

आता जीवामृताचं, शेण-गोमूत्राच्या पातळ खताचं घ्या. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींनी घराघरात पोचवलं ते, चांगलंच आहे, मीही करते. १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी, हे एका एकराला. तुमचे पाच एकर आणि महिन्यातून दोनदा धरलं तर महिन्याला २००० लिटर झालं आणि १०० किलो शेण. हे पाणी ड्रममध्ये कोण भरतं? १५ लिटरची बादली धरली तर एका ड्रमला तेरा-चौदा खेपा. पहाटे गाय उठली की बादली घेऊन तिच्यामागं कोण उभं राहतं? हसू नका, गोमूत्र धरणं हे एक कामच आहे, गाय काही घड्याळ बघून मुतत नाही. मग ते सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, मग फडक्यानं गाळायचं, नाहीतर नोझल तुंबतं आणि नोझल तुंबलं की शिव्या परत गाळणाऱ्या बाईलाच. तुमच्या भाषणात हे होतं का? मी तुम्हाला टोचत नाहीये, मला खरंच माहीत करून घ्यायचंय, कारण मी ऐकलेल्या एकाही भाषणात नव्हतं.

आता हे करून बघा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकानं सेंद्रियच्या कामाला किती तास दिले ते त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा, आईनं ५, हिनं ६, मी २ असं. बायकोला लिहायला लावू नका, ते पण कामच आहे, तुम्ही लिहा. पंधरा दिवसांनी त्याला बाहेरच्या हजेरीच्या भावानं गुणा. मग तिघं बसून ठरवा.

दुसरं, ड्रम आणि ढवळणं आजपासून तुमच्याकडे. ड्रम विहिरीजवळ नाहीतर पाइपलाइनपाशी न्या म्हणजे बादल्याच नकोत, ठिबक असेल तर गाळून व्हेंचुरीतून (ठिबकमध्ये खत ओढून घेणारी जोडणी) सोडा. तणाला आच्छादन, पाचट असेल तर पाचट, नसेल तर सोयाबीनचं भुसकट, काढलेलं तण बी धरायच्या आत तिथंच पसरा. आणि एक चाकाचं हातकोळपं आणा, उभ्यानं चालवता येतं, खुरपं हे वाकूनच चालतं आणि दिवसभर वाकणं म्हणजे काय ते एक दिवस वाकून बघा. पण कोळपं आणताना बायकोला दुकानात घेऊन जा, दांडी तिच्या उंचीला बसते का बघा. मी एकदा एक यंत्र मागवलेलं, दांडी माझ्या छातीपर्यंत यायची, दुकानदार म्हणाला "घरात गडी माणूस असेलच की". परत दिलं.

पाचही एकर एकदम करायची काय गरज होती हेही विचारणारच आहे. दोन एकर ठेवा, नीट करा. तेवढ्यानंही भाषण होतंच.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील. पती ६ वर्षांपूर्वी गेले, त्यांनी आत्महत्या केली. सासऱ्यांनी दीड एकर पेरून खायला दिलं, बांधाकडचं मुरमाड होतं. मी शेणखत, गांडूळखत टाकून चार वर्षांत चांगलं केलं, आता तूर-हळद चांगली होते. यंदा दीर म्हणतात जमीन परत द्या, तुम्हाला पैसे देऊ थोडे. मुलगी नववीत आहे. माझा हक्क आहे का?

उत्तर : ताई, हे पत्र मी दोनदा वाचलं. वाईट तुकडा बाईला द्यायचा आणि तिनं सुधारला की परत मागायचा, हे तुमच्या एकटीच्या घरी घडत नाहीये. माती तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि ती तयार झाली की सगळ्यांना आठवतं जमीन कुणाची.

हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात विधवा पत्नी ही पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलगीसुद्धा. फक्त जमीन कुठली हे बघावं लागेल. वडिलोपार्जित असेल तर त्यात तुमच्या पतीचा हिस्सा होताच, तो तुमचा आणि मुलीचा, सासूबाई असतील तर त्यांचाही. जमीन सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली असेल तर ते हयात असेपर्यंत ती त्यांची, पण त्यांनी मृत्युपत्र न करता डोळे मिटले तर मुलाची विधवा म्हणून तुम्ही तिथंही वारस आहात आणि तुमची मुलगीही. जुने सातबारे आणि फेरफार काढले की हे कळतं, तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात.

पतीच्या नावावर काहीही जमीन असेल आणि वारस नोंद झाली नसेल तर उद्याच अर्ज द्या, मृत्यूचा दाखला जोडून, तुमचं आणि मुलीचं दोघींचं नाव घाला. नियमानं तीन महिन्यांत कळवायचं असतं पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

दीर "फक्त सही करा" म्हणून कागद आणतील. हक्कसोडपत्र असतं ते. एकदा नोंदणी झाली की उलटवायला वर्षं जातात. वाचायला चष्मा नाही म्हणा, मुलीची परीक्षा आहे म्हणा, काहीही म्हणा, सही नाही. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथं जा. विदर्भ-मराठवाड्यात महिला किसान अधिकार मंच, आपण मकाम म्हणतो, तुमच्यासारख्याच हजारो जणींसोबत काम करतोय, तुमच्या भागातल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचायला मी मदत करते, संपादकांकडे नंबर देऊन ठेवा.

आणि यंदाची पेरणी करा. नेहमीसारखी, सगळ्यांना दिसेल अशी. गांडूळखताच्या बेडचे, हळदीच्या काढणीचे फोटो, बी-बियाण्याच्या पावत्या, गटाच्या वहीतल्या नोंदी सगळं एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी घरात नको, माहेरी नाहीतर मैत्रिणीकडे.

प्रश्न : एवढं बायकांचं नाव लावा नाव लावा चाललंय, नाव लावून उत्पन्न वाढतं का? (एक वाचक, जिल्हा लिहिलेला नाही)

उत्तर : २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितींपैकी (कसल्या जाणाऱ्या जमिनींपैकी) जेमतेम १४ बायकांच्या नावे होत्या. म्हणजे ८६ ठिकाणी बहुतेक तुमच्यासारख्यांचंच नाव आहे. वाढलं का उत्पन्न?

नाव नसेल तर पीककर्ज नाही, पीएम किसानचा हप्ता नाही, नुकसानीचा पंचनामा दुसऱ्याच्या नावे. एका बीएस्सी ॲग्रीच्या मुलीनं लिहिलंय की तिच्या आईला फोन आला, "मालकांना द्या, प्रशिक्षण आहे", आणि आई गांडूळखताचे सहा बेड चालवते. आत्मा या शेतकरी प्रशिक्षणाच्या सरकारी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये किमान ३० टक्के खर्च महिला शेतकऱ्यांवर करायचा असं लिहिलंय, त्या मुलीला मी म्हटलं तालुक्याला जाऊन विचार की आमच्या गावात तो कुठं झाला, आणि प्रशिक्षण सकाळी दहाला ठेवू नका, तेव्हा आई रानात असते. दुपारी तीनला ठेवा आणि गावातच ठेवा.

प्रश्न : नमस्कार बाई. मी अकोले तालुक्यातली, वय ६१, पत्र नातीकडून लिहून घेतेय. माझ्या आईपासूनचं एक वालाचं बी माझ्याकडे आहे, शेंगेला जांभळी कड असते, चव वेगळीच, कमी पाण्यावर येतं. मागच्या महिन्यात दोघं गाडीतून आले, बी मागितलं, फोटो काढले, म्हणाले तुमचं नाव करू. द्यावं का?

उत्तर : काकू, तुम्ही तर राहीबाईंच्याच तालुक्यातल्या! कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घेवड्याचं, वालाचं, भाताचं गावठी बी जमवत बीजबँक उभी केली, बाएफ या संस्थेची साथ होती, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं उदाहरण देण्याचं कारण पद्मश्री नाही हो. शाळेत न गेलेल्या बाईचं ज्ञान तिच्या स्वतःच्या नावानं ओळखलं गेलं, कुणा साहेबाच्या नाही, म्हणून.

बी वाटणं हा आपला धर्म आहे, शेजारणीला, लेकीला मूठभर द्याच. पण गाडीतून येणाऱ्याला आधी विचारा कुठून आलात, कशाला हवंय, लिहून द्या. २००१ चा एक कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क असा, त्यात शेतकऱ्याला आपल्या घरचं वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतं आणि शेतकऱ्याला त्या नोंदणीची फी नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नातीला घेऊन जा, अर्ज भरायला मदत मागा. अर्जात तुमचं नाव हवं, काकांचं नाही आणि मुलाचंही नाही, कारण आईकडून ते बी तुमच्याकडे आलंय. नातीला एका वहीत लिहायला सांगा : कधी पेरता, किती दिवसांनी फूल, कड कधी जांभळी होते, कुठली कीड पडत नाही, भाजी कशी करता तेही. त्या दोघांनी फोटो काढलेत तर तुम्हीही तुमच्या वेलाचे काढा, तारखेसकट.

बी राखेत घोळून ठेवता की कडुलिंबाच्या पाल्यात? माझ्या सासूबाई मातीच्या मडक्यात राख घालून वरून शेणानं लिंपायच्या, मी स्टीलच्या डब्यात ठेवायला लागले आणि दोन वर्षं भुंगा लागला, परत मडक्यावर आले. तुमचं कसं आहे ते कळवा. आणि काकू, दोन मुठी वाल मलाही हवाय, बदल्यात माझ्याकडची लाल चवळी पाठवते. तुमच्या वहीत माझं नाव लिहून ठेवा, कुणाला दिलं म्हणून.